नोटेला हात लावला जाणार नाही

मारेगावच्या स्टँडजवळ नामदेवभाऊंचं आलूबोंड्याचं दुकान आहे आणि तिथल्या कढईवर मी. कढईच्या तळाशी चुरा साचतो तसे आमच्याकडे किस्से साचतात. चुरा आम्ही रोज गाळून फेकतो, एवढाच फरक!

सुरुवात एका गुरुजींमुळे झाली. त्यांच्या पुढच्या माणसानं बोटाला थुंकी लावून नोट सुटी केली. भाऊंनी ती घेतली आणि त्याच हातानं गुरुजींना बोंडा दिला.

गुरुजी म्हणाले, "भाऊ, थुका त्याचा अन् बोंडा माहा?"

संध्याकाळपर्यंत क्यूआर कोड लागला. शेजारी पाटी: 'नोटेला हात लावला जाणार नाही.'

*

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तंबाखू-सुपारीचा खर्रा तळहातावर घोटतच आलं. त्याच हातानं मोबाईल पुढे केला. "चष्मा घरी राह्यला भाऊ, रक्कम तुमीच टाका."

दुपारपर्यंत भाऊंनी असे नऊ मोबाईल हाताळले.

"काँटॅक्टलेस म्हंतात ह्याले!" मी म्हटलं. भाऊंनी माझ्यावर झारा उगारला.

*

रेंज गेली की नोट घ्यावीच लागायची. त्यासाठी भाऊंनी खास चिमटा आणला. ऐटीत नोट उचलायची, डब्यात टाकायची. मग गर्दी वाढली आणि त्याच चिमट्यानं बोंडेही उचलू लागले.

"भाऊ, पहिले नोटेच्या अन् बोंड्याच्या मंधात हात तरी होता!" मी म्हटलं.

*

बाजाराच्या दिवशी तांड्यावरून झमकूयाडी यायची. याडी म्हणजे आई; सगळं स्टँड तिला तेच म्हणतं. दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. त्या बाजाराला तिनं चोळीतून नोट काढली, तसे भाऊ बोलून गेले, "नोट नको याडी, लय घाण रायते. मोबाईल नाही का?"

याडीनं नोट परत चोळीत खोचली. बोंडा तसाच ठेवून निघाली. भाऊ मागे धावले, पण तिचा ऑटो सुटला होता.

आठवडाभर त्यांचं कशात लक्ष नव्हतं. "मायले घाण म्हनलं मी," एवढंच घोकायचे. पाटी त्यांनी स्वतःच काढली. मलाही फार वाईट वाटलं. ती परत येईल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

पुढच्या बाजाराला याडी आली! भाऊ तेव्हा कुणाच्या तरी मोबाईलवर रक्कम टाकत होते. तिनं रुमाल उलगडला. आत नोट होती, कडक वाळलेली, साबणाचा वास येणारी.

भाऊंनी मोबाईल परत दिला. नोट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि लगबगीनं बोंडा उचलायला गेले.

याडीनं त्यांचं मनगट धरलं.

"थांब रे लेकरा. माही नोट धुतली हाय. तुहे हात?"