आंब्याचं अत्तर, बुंदीचं जेवण

ताईच्या लग्नात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचं काम माझ्याकडं आलं, कारण दुसरं कुठलंच काम माझ्यावर सोपवायला घरात कुणी धजावत नव्हतं. अत्तर म्हणजे गुलाब, नाहीतर मोगरा. मला त्याचा मनापासून कंटाळा होता. परभणीच्या अत्तरवाल्या चाचांनी मग मागच्या फळीवरची एक बाटली काढली. "वरती आंबा हाय, खाली चंदन. आंबा घंटाभरात उडून जातो बेटी. चंदन सांजपर्यंत राहतंय."

आणि मी ऐन थंडीत, पेडगावात, मांडवाच्या दाराशी उभी राहून वऱ्हाडाच्या हातावर पिकलेला आंबा फासला. पाथरीकडची मंडळी हात हुंगत, एकमेकांकडं बघत आत जात होती. मला लय मजा वाटत होती.

लग्न लागलं, लगेच ताटं वाढली. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात. नवरदेवाचे मामा ताटावरून उठले. "मगापासून रसाचा वास यायलाय अन् ताटात बुंदी? रस कुणासाठी झाकून ठेवलाय?"

हल्ली डब्यातला रस बारा महिने मिळतो, त्यामुळं त्यांचा संशय अगदीच वेडा नव्हता. मामा रुसून खुर्चीवर जाऊन बसले आणि अख्खी पंगत हात आखडून बसली. बाबा त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "मामा, रस केलाच न्हाई हो." ताईचा चेहरा एवढासा झाला.

खरं तर तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी मोबाइलवर वेळ बघितली. तास कधीच उलटून गेला होता. पुढं होऊन मी म्हणाले, "कसला रस मामा? वास आला असेल तर अत्तराचाच. हात हुंगा की एकदा."

मामांनी हुंगला. पुन्हा हुंगला. शेजारच्याचा हात ओढून तोही हुंगला. सगळीकडं चंदन! मांडवात हशा पिकला. मामांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं, जरा वेळ ते तोंडाशी तसंच धरून ठेवलं आणि उठले. "चुकलं माझं," बाबांना म्हणाले, आणि ताटावर बसून बुंदी दोनदा मागून घेतली. मी मनातल्या मनात नाचत होते.

पाठवणीच्या वेळी मामा माझ्याजवळ आले आणि उपरण्याचं टोक त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. आंबा! आत येताना त्यांनी हात त्यालाच पुसला असणार. कातडीवरून उडालेला वास कापडात तसाच बसला होता.

"तोंड पुसलं तवाच कळलं व्हतं मला," ते हळूच म्हणाले. "पण तुझा बाप हात जोडून उभा व्हता, पोरी."

मला माझीच लाज वाटली. ताईची गाडी निघाली तेव्हा मी सगळ्यांत जास्त रडले. बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांना वाटलं, ताईसाठी रडायलीय.