आडनाव न विचारणारा बाजार

नंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या भाजीबाजारात वालपापडी निवडत उभी होते. मिलिंद बसवर कंडक्टर आहे. दिवसभर ओरडून घसा बसत असावा, फोनवर तो नेहमी हळूच बोलतो. "मॅडम, ताई गेली," एवढंच म्हणाला. मग पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मी "बरं" म्हटलं. असं का म्हटलं, अजून कळलेलं नाही. भाजीवाली तराजू धरून विचारत होती, "ताई, टाकू ना?" मी मान हलवली. त्या पिशवीचं पुढे काय झालं, मला आठवत नाही.

बातमी अनपेक्षित नव्हती. स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि डॉक्टरांनी सुरुवातीलाच फारशी आशा दाखवली नव्हती. पण माणूस मनाची तयारी करतो म्हणजे नेमकं काय करतो, देव जाणे. नंदा कांबळे आता नाही, हे वाक्य गेले काही आठवडे मी रोज एकदा तरी मनात म्हणून बघते. अजून ते खरं वाटत नाही.

भांडुपच्या टेकडीखाली आमचं कनिष्ठ महाविद्यालय. मी मराठी शिकवायचे, ती वाणिज्य. मी आधीपासून होते, ती नंतर आली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये तिने माझ्या डब्यातली सुकटीची चटणी न विचारता उचलली आणि म्हणाली, "मालवणची ना तू? चव सांगतेय." तिथून आमचं जमलं. तिचे वडील साताऱ्याकडून आलेले, महापालिकेत सफाई खात्यात होते. घाटकोपरच्या पालिका चाळीत ती आणि मिलिंद वाढले. वडिलांचा एकच मंत्र होता: पोरांनो, सरकारी नोकरी धरा, महिन्याच्या महिन्याला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. तिने ऐकलंही. अनुदानित कॉलेजात कायम झाली. पण मुलांना मात्र आयुष्यभर शिकवत राहिली की नोकरीची वाट बघत बसू नका, स्वतःचं काहीतरी उभं करा.

यामागे एक गोष्ट होती आणि ती तिने मला पुष्कळ उशिरा सांगितली. ती शाळेत असताना वर्गात हजेरीच्या वेळी बाई पूर्ण नाव घ्यायच्या. नाव घेऊन झालं की शेजारच्या बाकावरची मुलगी आपलं दप्तर किंचित सरकवून घ्यायची. कुणी काही बोलायचं नाही. फक्त दप्तर सरकायचं. त्याच सुमारास आईने तिला एकटीला घाटकोपर स्टेशनबाहेर रिबिनी आणायला पाठवलं. दुकानदाराने "ये बेटा" म्हटलं, तिच्यापुढे रिबिनींचा ढीग टाकला, पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितला तोच भाव तिला सांगितला. "सुषमा, मला घरी जावंसंच वाटेना," ती म्हणाली होती. "त्या माणसाने माझं नावसुद्धा विचारलं नाही गं. वर्गात आडनाव विचारतात, बाजारात भाव विचारतात. तेव्हाच ठरवलं, आपली जागा बाजारात."

वर्गात आडनाव, बाजारात भाव, हे वाक्य ती दर वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची. अभ्यासक्रमात नसलेला एक तासही तिने सुरू केला होता, शनिवारी, कॉलेज सुटल्यावर. मुलांना घेऊन ती बाहेर पडायची. कधी कुर्ल्याचा बाजार, कधी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांची रांग, कधी आरेतल्या रस्त्यावर शहाळी विकणाऱ्या बायका. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तेच. हे दुकान इथेच का? समोरच्या फुटपाथवर का नाही? याच्याकडे काय मिळतं जे शेजाऱ्याकडे मिळत नाही? एकदा एका पोराने वडेवाल्याला गाडी कुठे लावली तर जास्त खपेल यावर लंबंचौडं भाषण दिलं. वडेवाल्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिकडे लावली होती रे राजा. तीन वेळा उचलून नेली." सगळी पोरं हसली. नंदा हसली नाही. "हे लिहून घ्या," म्हणाली, "हे पुस्तकात नाहीये."

मला तिचं हे सगळं पटायचंच असं नाही. मी म्हणायचे, "अगं, ही पोरं टेकडीवरच्या झोपड्यांतून येतात. पाठीशी काही नाही त्यांच्या. आधी नोकऱ्या लागू देत ना."

"कुठेयत नोकऱ्या?" ती म्हणायची. "दाखव मला. एक दाखव, मी उद्यापासून तास बंद करते."

मी डबा तिच्याकडे सरकवायचे.

तिच्या या तासातून वर आलेली सोनाली ही तिची सगळ्यात लाडकी. वस्तीतलीच मुलगी. आई सोसायट्यांमधून जिने झाडायची. सोनालीच्या हाताला चव अशी की कॉलेजच्या आनंदमेळ्यात तिच्या भरल्या वांग्यांसाठी प्राध्यापकांनी रांग लावली होती. बारावी झाल्यावर तिने घरगुती डबे द्यायला सुरुवात केली. नंदा तिच्याबरोबर झटली. भाजी रोज वेगळी कशी ठेवायची, डबे कुठले घ्यायचे, जवळजवळच्या इमारती कशा धरायच्या, हे सगळं दोघी बसून ठरवायच्या. मुलुंडमध्ये एकटीच राहणारी म्हातारी जोडपी पुष्कळ, मुलं परदेशात. सोनाली जुन्या स्कूटरवरून त्यांना डबे पोचवू लागली. आजी-आजोबा खूश. एकीने सांगितलं म्हणून दुसरी, दुसरीने सांगितलं म्हणून तिसरी. "झकास चाललंय मॅडम," असे तिचे निरोप यायचे आणि नंदा ते मला स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायची.

मग नंदानेच तिला एक सूचना केली. सुट्ट्या पैशांची कटकट नको, डब्याच्या झाकणावर क्यूआर कोडचा स्टिकर लाव. सोनालीने लावला. तोवर ती सगळ्यांसाठी नुसती सोनाली होती. आता फोन झाकणासमोर धरला की पडद्यावर तिचं पूर्ण नाव उमटू लागलं, आडनावासकट.

त्यानंतर डबे कमी व्हायला लागले. एकदम नाही, एकेक करून. कुणी म्हणालं आम्ही गावाला चाललोय, कुणाला डॉक्टरांनी तेल बंद केलं, कुणाची सून काही दिवस राहायला येणार होती. सोनालीला वाटलं, आपल्याच हाताला काही झालं. ती मसाला बदलून बघत होती, मीठ कमी करत होती. नंदाच्या मात्र पहिल्या दोन कारणांतच लक्षात आलं. मला म्हणाली, "शनिवारी माझ्याबरोबर मुलुंडला चल. तू असलीस तर दार नीट उघडेल."

दार नीटच उघडलं. पांढऱ्या केसांच्या, हसतमुख आजी होत्या. मी परब, मालवणकडची, असं सांगितल्यावर त्यांनी माहेरच्या ओळखी काढल्या. आतून वाट्यांतून लाडू आणले. मला त्या परक्या वाटल्या नाहीत. अशा बायकांच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले आहे. नंदाने डब्याचा विषय काढला. आजींनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"मुलीच्या हाताला चव आहे हो, नाही कोण म्हणतं? पण आमच्याकडे देवाधर्माचं असतं ना."

"इतके महिने तुम्ही तिच्याच हातचं जेवत होतात," नंदा म्हणाली.

"तेव्हा माहीत नव्हतं," आजी म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. घड्याळात किती वाजले हे सांगावं तसं सांगितलं. नंदापुढची लाडवाची वाटी तशीच राहिली. ती उठली, "येते" म्हणाली आणि जिना उतरू लागली. लिफ्ट होती, पण ती जिन्यानेच उतरली.

खाली सोनाली स्कूटरला टेकून उभी होती. "काय म्हणाल्या मॅडम?"

नंदा खोटं बोलू शकली असती. मला वाटलं होतं, बोलेल. "तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणाल्या," तिने सांगितलं.

सोनालीला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिने आधी झाकणावरचा स्टिकर नखाने खरवडायला सुरुवात केली. मग थांबून म्हणाली, "मैत्रिणीच्या नावाने काढू का कोड? तिचं आडनाव चालेल त्यांना."

"धंद्याचं विचारत असशील तर काढ," नंदा म्हणाली. "धंद्यात नाव कुठलंही देता येतं, मीच शिकवलंय तुला. पण मला विचारत असशील तर..." सोनालीने पुढचं ऐकायची वाट पाहिली नाही.

तिने मैत्रिणीचं नाव वापरलं नाही. ज्यांनी डबे बंद केले नव्हते अशी मोजकी घरं उरली होती, पण तेवढ्यावर चूल पेटत नव्हती. नंदा तिच्याबरोबर त्या सगळ्या घरांत जाऊन आली, डबे परत घेतले, लोकांचे आभार मानले. सुरू करताना जसं नीट केलं तसं बंदही नीट करू, एवढंच तिने सोनालीला सांगितलं. सोनाली आता घाटकोपरच्या एका मॉलमध्ये काउंटरवर उभी असते. छातीवर बिल्ला असतो, त्यावर फक्त पहिलं नाव.

त्यानंतर नंदाने शनिवारचा तास बंद केला. मुलं विचारायची तर म्हणायची, पेपर तपासायचेत. एकदा मी म्हटलं, "अगं, एका सोसायटीवरून सगळा बाजार कशाला ठरवतेस?" ती म्हणाली, "मी एका रिबिनवाल्यावरून ठरवलाच होता ना?"

पुढच्या जूनमध्ये तिने तास पुन्हा सुरू केला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्या वर्गाच्या दारात थांबले. फळ्यावर ते वाक्य नव्हतं. तिने सोनालीला विचारून तिची सगळी हकिकत मुलांना सांगितली, क्यूआर कोडसकट. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग मॅडम, आम्ही धंदा करायचा की नाही? तुम्ही तर वाट लावलीत."

"करायचा," नंदा म्हणाली. "पण मी तुम्हाला खोटं सांगून पाठवणार नाही. आजवर पाठवत होते."

ती शिकवत राहिली, पण शिकवणं बदललं होतं. पूर्वी तिच्या तासाला हशा असायचा. आता मुलं जपून प्रश्न विचारायची. काहींनी तास सोडला. एका पालकाने येऊन सांगितलं, पोरांना नाउमेद करू नका. ती त्या पालकाला म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." वादही घातला नाही. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. वाद न घालणारी नंदा मी कधी पाहिली नव्हती. पाठदुखी, जेवण न जाणं, हे तेव्हाचंच. आम्ही सगळे त्याला मनाचं दुखणं समजत होतो, ती स्वतःसुद्धा. निदान झालं तोवर दुखणं पसरलं होतं.

रुग्णालयातली आमची शेवटची भेट. दुपारची वेळ होती, सोनाली सुट्टी टाकून आली होती. बरोबर मुगाची खिचडी आणली होती, वरून थोडं तूप. नंदाला तोवर पाणीही घोट-घोट जात होतं. तिने झाकण उघडायला लावलं, वास घेतला आणि मला म्हणाली, "तू खा. मला सांग."

मी तिच्यासमोर बसून खाऊ लागले. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"हिंग?"

"आहे. बेताचा."

"जिरं करपलं नाहीये ना? घाईत करपतं तिच्याकडून."

"नाही गं. छान झालीय."

तिने मान वळवून सोनालीकडे पाहिलं. "मग बंद का केलंस गं?" असं विचारलं. गुंगीत होती की काय, कुणास ठाऊक. सोनाली खिडकीबाहेर बघत राहिली. मी डबा संपवला.

पुण्यानुमोदनाला नंदा-मिलिंदच्या विक्रोळीच्या घरी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत जमलो. बुद्धवंदना झाली. जुने विद्यार्थी खूप आले होते. चांगलं चाललेले काही होते. एकाचा मोबाईल दुरुस्तीचा गाळा आहे, दोघी बहिणी मिळून शिवणकाम करतात. पण नोकरीचे बिल्ले खिशात घालून आलेले जास्त होते. ते भिंतीला टेकून मागेच उभे राहिले, जणू गृहपाठ न करता आले होते.

गेल्या आठवड्यात मिलिंदने बोलावलं. घराला रंग द्यायचा होता, ताईच्या खोलीतलं काय ठेवायचं ते तुम्ही सांगा म्हणाला. खोलीत मी पूर्वी गेले होते, पण तिचं भिंतीतलं काचेचं कपाट कधी उघडून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, पुस्तकं असतील. मिलिंदने पडदा सरकवला. आत साबणाच्या वड्या होत्या, वेड्यावाकड्या मेणबत्त्या, क्रोशाची पर्स, पापडांचं न फोडलेलं पाकीट, उटण्याच्या पुड्या, मण्यांचे कानातले, कापडी पिशव्या, मातीचा एक रंगवलेला हत्ती. प्रत्येक वस्तू जशी घेतली तशीच ठेवलेली, वेष्टनासकट.

"पोरांनी काही सुरू केलं की भवानी हिच्याच हातची," मिलिंद म्हणाला. "पहिलं गिऱ्हाईक ही. मी कितीदा म्हटलं, ताई, साबण तरी वापरू या, वास उडून चाललाय."

"मग?"

त्याने एक वडी उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"म्हणायची, वापरला की संपेल. संपला की नवा मागायला जावं लागेल. आणि धंदा बंद केलेल्या त्या पोरीकडे आता द्यायला काही उरलेलं नाही, तर मी कुठल्या तोंडाने मागू?"

रंगारी दारात येऊन उभा होता. कपाट रिकामं करून देता का, असं तो विचारत होता. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याने काच लावली, पडदा सारखा केला आणि रंगाऱ्याला म्हणाला, "ही भिंत राहू दे."