संध्याकाळची बचत

"ह्याच्यात किती ओव्हरटाइम गेला?"

बसमध्ये कुणी नवा मोबाइल दाखवला, बूट दाखवले, हप्त्यावर उचललेल्या गाडीचा फोटो दाखवला, की त्याचा हा प्रश्न ठरलेला. वस्तू हातात घ्यायचा, उलटीपालटी करून बघायचा, "ब्येस हाय" म्हणायचा आणि परत देताना विचारायचा. समोरचा मनातल्या मनात आकडेमोड करून सांगायचा, "असेल पंचवीस-तीस दिवसांचा." मग हा मान हलवायचा. "म्हंजे महिनाभराच्या संध्याकाळी गेल्या की राव." एवढं बोलून तो खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि नवा मोबाइल घेणाऱ्याचा चेहरा मोशी येईपर्यंत उतरलेला असायचा.

चाकणच्या पट्ट्यात कंपनीच्या बसने ये-जा केलेल्यांना असा एखादा सहप्रवासी भेटला असेलच. आमची बस सकाळी पावणेसातला पिंपरीतून निघायची. तीत चढणारी चाळीस माणसं आदल्या दिवशीच दमलेली असायची. आम्ही गाड्यांचे दिवे बनवायचो. मी स्टोअरला, म्हणजे आलेला माल उतरवून घेणे, नोंदवणे आणि लाइनला देणे. तो लाइनवर, कॉन्ट्रॅक्टवर, मूळचा लातूरकडचा. सुट्टी साडेचारला व्हायची, पण साडेचारला घरी जाणारा माणूस आमच्याकडे जवळजवळ नव्हताच. त्यानंतरचे चार तास ओव्हरटाइम, आणि घर चालायचं ते त्या चार तासांवर. मीही थांबायचो. फ्लॅटचे हप्ते, मुलाची इंजिनिअरिंगची फी, हे पगारात बसत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं.

तो मात्र साडेचारला हात धुऊन मोकळा. सुपरवायझर हाका मारत राहायचा आणि हा रिकाम्या बसमध्ये जाऊन बसलेला असायचा. ओव्हरटाइम न करता कॉन्ट्रॅक्टच्या पगारात काळेवाडीला बिऱ्हाड चालवणारा हा एकटाच. ते चालवायला तो ज्या युक्त्या करायचा, त्यावरून बसने त्याचं नाव "बचतगट" ठेवलं होतं.

त्याच्या युक्त्या सांगाव्या तेवढ्या थोड्या. तूरडाळ रात्रीच भिजत घालायची. कुकर एकदाच लावायचा, त्यात डाळ, भात, बटाटे सगळं. आणि शेवटची शिट्टी होऊ न देता गॅस बंद करून उरलेलं वाफेवर शिजू द्यायचं. गच्चीत काळा कॅन भरून ठेवायचा, दुपारच्या उन्हात अंघोळीपुरतं पाणी तापतं. मंडईत रविवारी जायचं ते पाट्या उचलायच्या वेळी. टपरीवरचा चहा बंद, कारण कॅन्टीनमध्ये दोनदा मिळतोच. घरात दोन मोबाइल, पण रिचार्ज एकाचाच. हे सगळं तो लाजून सांगायचा नाही, आणि फुशारकी मारूनही नाही. मशीनची सेटिंग सांगावी तसं सांगायचा.

एकदा त्याने आम्हा पाच घरांना एकत्र केलं. पिंपरी कॅम्पातून तेलाचा मोठा डबा आणि तांदळाचं पोतं ठोकमध्ये घ्यायचं आणि वाटून घ्यायचं. कल्पना चांगली होती, पण वाटप बसच्या मागच्या सीटवर ठरलं. भोसरीच्या सिग्नलला ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि दोन लिटर शेंगदाणा तेल बसच्या फरशीवर. पुढे आठवडाभर चढणारा प्रत्येकजण घसरत होता आणि त्याच्या नावाने शिव्या घालत होता. माझ्या बायकोला मात्र तो हिशेब इतका पटला की ती अजूनही तेल तसंच आणते.

मीही त्याला चिक्कूच समजत होतो. तोवर, जोवर तो एक दिवस स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभा राहिला नाही.

बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या खोक्यात ओल धरू नये म्हणून छोट्या पांढऱ्या पुड्या असतात. तुम्हीही नव्या बुटांच्या डब्यात पाहिल्या असतील. खोकी उघडली की आम्ही त्या भंगारात टाकायचो.

"दादा, त्या पुड्या टाकू नका. मला द्या."

"आता ह्याचीही भाजी करणार का तुम्ही?" मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. तोही हसला.

"पोरीचं कानाचं मशीन ठेवायचंय," तो म्हणाला. "घामानं आतून ओलं होतं. डबीत ह्या पुड्या टाकल्या की रातभरात वाळतं. इकत घ्यायला गेलं की महाग पडतं."

त्या दिवशी मला कळलं की त्याला अडीच-पावणेतीन वर्षांची मुलगी आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात ते फार उशिरा लक्षात आलं. पोर गोंगाटातही झोपते, दचकत नाही, किती शहाणी, म्हणून शेजारीपाजारी कौतुक करत होते. तेव्हा तोही आमच्यासारखाच रोज चार तास ओव्हरटाइम करत होता.

"रोज तिच्याशी चार शब्द बोललो असतो, तर वर्षभर आधी कळलं असतं," तो म्हणाला. "पैसे तर लई कमावले त्या वर्षी."

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांनी नवरा-बायकोला बसवून स्वच्छ सांगितलं होतं. मशीनमुळे आवाज येईल, पण बोलणं आपोआप येणार नाही. रोज दोन-तीन तास कुणीतरी तिच्यासमोर बसून बोलत राहायला हवं, आणि ते पुढच्या दोन-तीन वर्षांतच व्हायला हवं. नंतर वय निघून जातं. दिवसा घरात आई असायची, पण ती मुळात अबोल, शिवाय दिवसभर शिलाईच्या मशीनवर. तिने कितीही तोंड उघडलं तरी मशीनच्या आवाजात पोरीला काय कळणार? संध्याकाळी ती वाकडला दोन फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला जायची. म्हणजे संध्याकाळ बापाच्या वाट्याला आली. त्याने दुसऱ्या दिवसापासून ओव्हरटाइम बंद केला आणि जे चार तास गेले, ते गॅसमधून, तेलातून, चहातून भरून काढायला लागला. मागच्या गल्लीतल्या लहान खोलीत बिऱ्हाड हलवलं. टीव्ही विकला. "टीव्ही बोलतो, पर समोरच्याची वाट बघत न्हाई," म्हणाला. मशीनच्या बॅटऱ्यांमध्ये मात्र कधी काटकसर नाही. त्या घ्यायला तो दर महिन्याला न चुकता जायचा, आणि दुकानदाराशी घासाघीसही करायचा नाही.

मला स्वतःची लाज वाटली, हे सांगून टाकतो. त्या दिवसापासून पुड्या मी स्वतः वेगळ्या काढून ठेवू लागलो.

गंमत अशी की हा माणूसही काही बोलका नव्हता. बसमधला तो एक प्रश्न सोडला तर दिवसभरात त्याची दहा वाक्यं होत नसतील. असा माणूस तीन तास बोलणार काय? त्याच्याजवळचं सगळं कधीच संपलं होतं. पोरीचं बसला कळल्यावर सकाळी तो आमच्याकडे मागायला लागला.

"सांगा की कायतरी. आज घरी काय बोलू?"

सुरुवातीला लोकांनी टर उडवली. नंतर सवय झाली. कुणाच्या सासूचं भांडण, कुणाच्या गावच्या म्हशीची प्रसूती, कुणाच्या सोसायटीतली पाण्याची टाकी, सगळं त्याच्याकडे जमा व्हायचं आणि संध्याकाळी काळेवाडीत पोरीसमोर उतरायचं. पेंगणारी माणसं मधेच डोळे उघडून सांगायची, "अरे, हे घे, हे सांग तिला." आमच्या बसमध्ये इतकं बोलणं ना त्याआधी झालं, ना त्यानंतर.

"बोलून बोलून जबडा दुखतो, दादा," एकदा मी ओव्हरटाइमला थांबलो नव्हतो, तेव्हा पिंपरीच्या पुलापर्यंत सोबत चालताना तो म्हणाला. मी तिथलाच राहणारा, तो पूल ओलांडून पलीकडे जायचा. "लाइनवर नुसते हात दुखत्यात. हे काम त्याच्यापेक्षा जड हाय."

"एखादा दिवस सुट्टी घ्या की."

"ती रोज दारात बसलेली असती. कशी घेऊ?"

आठ-दहा महिने पोरीच्या तोंडून काही नाही. हा बोलतोय आणि ती त्याच्या ओठांकडे बघतेय. मग एक दिवस तो बसमध्ये चढला तोच हसत. आदल्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंनी मुलीला चित्रांचं पुस्तक दाखवलं होतं. हत्तीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" पोरगी म्हणाली, "फोक्लिप."

"फोर्कलिफ्ट!" तो सगळ्या बसला सांगत होता. "म्या रोज सांगतो ना तिला, कंपनीत एक मोठ्ठं हाय, पुढं दोन दात हायत, वजन उचलतं. बाईंना कळंना. म्या म्हणलं, मॅडम, बरोबर हाय ते, लिहून घ्या."

बसमध्ये टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्या दिवशी तेलाबद्दलची माफीही त्याला मिळाली असावी.

त्यानंतर वर्षभराने कंपनीला नव्या गाडीच्या दिव्यांची मोठी ऑर्डर आली. सहा महिने सगळ्यांना रोज ओव्हरटाइम सक्तीचा होणार होता. आणि त्याबरोबर असंही सांगण्यात आलं की कॉन्ट्रॅक्टवरच्या काही जणांना पर्मनंट करणार आहेत. यादी तयार होत होती. त्याचं काम चोख होतं, सात वर्षांत एक तक्रार नाही. यादीत त्याचं नाव येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याने त्याला माझ्या स्टोअरमध्येच बोलावून समजावलं.

"सहा महिने कळ काढ भावा. पर्मनंट झालास की पगार दुप्पट. पोरीला चांगल्या बाई लावता येतील घरी."

"सर, सहा महिन्यांनी ती पाच वर्षांची होईल."

"मग?"

"संध्याकाळ सोडून काहीबी सांगा. पहाटे पाचला येतो. रविवारी येतो."

"लाइन तुझ्या एकट्यासाठी पहाटे चालू करू का?"

सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं तिथे काढली होती मी. वरपर्यंत माझा शब्द थोडाफार चालायचा. त्याला माझ्या स्टोअरला पहाटेच्या माल उतरवणीवर घ्या, एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं. जागाही होती. पण त्याच महिन्यात स्टोअरमधली माणसं कमी करायची कुजबुज होती आणि नको ते आपल्या अंगावर यायचं, असं मला वाटलं. मी चलनं चाळत बसलो. तो साडेचारला नेहमीसारखा हात धुऊन बसकडे गेला.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मधून मधून ब्रेक देतात आणि मग नवं कार्ड करून परत घेतात. पुढच्या ब्रेकनंतर त्याचं कार्ड झालं नाही. कुणी काढलं नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त सकाळी पिंपरीला बस थांबली आणि तो चढला नाही. दोन-चार दिवस लोक विचारत होते. मग सक्तीचा ओव्हरटाइम सुरू झाला आणि विचारण्याइतकी ताकद कुणात राहिली नाही. मीही रात्री साडेनऊला घरी पोचून जेवायचो आणि आडवा व्हायचो. माझा मुलगा शेजारच्या खोलीतून मोबाइलवर मेसेज पाठवायचा, "पप्पा, फी भरायची आहे."

तो वाकडला एका टॉवरवर रखवालदार झाल्याचं नंतर कळलं. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. दिवसा कुठेतरी माल चढवायला जातो, असंही कुणी म्हणालं.

त्याचा अनुभवाचा दाखला ऑफिसात तीन महिने पडून होता. निदान तेवढं तरी करावं म्हणून मी तो मागून घेतला आणि एका सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास काळेवाडीला गेलो. विचारत विचारत मागच्या गल्लीतली खोली सापडली. दार उघडंच होतं.

तो भिंतीला टेकून बसला होता. अंगात रखवालदाराचा निळा शर्ट, कामावर जायला तयार. मांडीवर चित्रांचं पुस्तक उघडं, आणि मान एका बाजूला कलंडलेली. किती वाळला होता! चेहऱ्यावर जागरण असं बसलं होतं की मी क्षणभर ओळखलंच नाही. समोर, दाराकडे पाठ करून, दोन वेण्या घातलेली मुलगी बसली होती. ती त्याला हातवारे करून काहीतरी सांगत होती. शाळेतलं असावं. तो ऐकत नव्हता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण सगळेच बोलतो, तसा मी दारातूनच मोठ्याने ओरडलो, "काय गं, बाळा! पप्पांना उठव बघू!"

ती पटकन वळली. माझ्याकडे रागाने पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हलू बोला, काका. पप्पा झोपलेत."

मग ती पुन्हा त्याच्याकडे वळली आणि जे सांगत होती ते पुढे सांगू लागली, अगदी कुजबुजत.