पालथी पडणारी चंद्रभागा

बाळकुमच्या खाडीकाठी चंद्रभागेइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. ओहोटीला कोळणी तिसऱ्यांचे शिंपले वेचायला चिखलात उतरत. ही मात्र आधी काठाजवळ पालथी पडे, कोपरांनी सरपटत थोडी पुढे जाई, तशीच मागे येई आणि मगच पाटी उचले. रोज.

"आली गो घोरपड!" बायका खिदळत.

"हसा. मना भ्या वाटतं."

तिची बहीण मनुबाई या चिखलात रुतली होती, आणि भरती आली होती. रुतल्यावर उभ्याने पाय उपसायचा नाही, आडवं पडायचं, हे मनुबाईलाही पक्कं ठाऊक होतं. त्या घडीला आठवलं नाही, एवढंच.

सून जनी धीट. "आय, यंदा शिमग्याच्या आत मी पन तुज्यासारकी सरपटाया शिकनार," असं ती दर वर्षी म्हणे. शिमगा गेला की नारळी पुनवेचा वायदा.

सत्त्याऐंशी सालच्या माघात जनीच्या भावाची हळद होती. पाहुण्यांसाठी पाटी शिगोशीग भरायचीच, असं ठरवून ती त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे गेली. ओहोटी सरून पाणी फिरलं तशा बाकीच्या बायका परतल्या. चंद्रभागेने मागे वळून पाहिलं. जनी दूर उभी होती, मांडीपर्यंत चिखलात.

"आय गो!"

चंद्रभागेच्या डोळ्यांपुढे मनुबाईचा चेहरा आला आणि डोकं रितं झालं. काय करायचं तेच सुचेना. ती नुसती धावली. पायाखालचा चिखल मऊ लागला मात्र, अंग आपसूक पालथं पडलं आणि कोपरं चालू लागली.

जनीच्या पाठीमागून पाण्याची पातळ चादर सरकत येत होती.

"पाटी ओत!"

"भरलीय गो, आय!"

"ओत, मेले! पालथी घाल, छाती टाक तिच्यावर."

"पडले तं बुडेन!" जनी लाकडासारखी ताठ झाली होती. चंद्रभागेने तिच्या पदराला हिसका दिला. जनी पाटीवर कोसळली. दोघी जिवाच्या आकांताने तिचे पाय ओढत राहिल्या. एक पाय सुटला. दुसरा जोडवं चिखलात ठेवून सुटला. काठाला लागेपर्यंत पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं होतं.

त्या दिवशी कुणी घोरपड म्हणालं नाही.

हळद पार पडली. पुढच्या ओहोटीला चंद्रभागा काठावर आली तेव्हा तिला कधी नव्हे इतकी भीती वाटत होती. तरी ती पालथी पडली. शेजारी आणखी कुणीतरी धपकन पडलं. हळदीने अजून पिवळे असलेले हात चिखलात रुतले.

"किती गार हाय गो!" जनीचे दात वाजत होते.

"बोलू नको. सरक पुढं," चंद्रभागा म्हणाली. "आन् उद्या पन ये."