मूठभर कोंड्याची पोर

शकुशी सरळ बोललं की ती वाकडं बोलायची आणि वाकडं बोललं तर तोंडच सोडायची. नाहूरच्या त्या बैठ्या चाळीत नळावर तिची कळशी दिसली की बायका आपली भांडी मागं ओढून घ्यायच्या. काही तिच्या तोंडाला भिऊन, आणि काही, स्पष्टच सांगायचं तर, तिच्या शिवाशिवीला भिऊन. चाळीत कोकणातली बिऱ्हाडं जास्त. शकु आणि तिचा नवरा भाऊराव जालन्याकडचे, घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. चौऱ्याऐंशी साल लागलं होतं, सगळे एकाच रेशनच्या रांगेत ताटकळायचे, तरी शकुचं पाणी भरून झालं की पुढची बाई नळाच्या तोटीवर पाणी मारूनच आपली कळशी लावायची. शकुला ते दिसायचं. मग ती मुद्दाम आणखी एक हंडा घेऊन यायची.

तिच्या शेजारच्या खोलीत दत्ताराम राहायचा. संपात त्याची गिरणी गेली होती आणि तो मुलुंडच्या एका कारखान्यावर रखवालदारी करायचा. घरात त्याची आई सुलक्षणा आणि बायको प्रेमा. प्रेमाला माहेर उरलं नव्हतं, त्यामुळे पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगी झाली. बारसं उरकलं, पाहुणे लाडू खाऊन गेले आणि प्रेमानं भिंतीकडे तोंड केलं. पोर रडून लाल व्हायची, दुधानं प्रेमाचं पोलकं भिजायचं, पण ती वळायची नाही. जेवायची नाही, झोपायची नाही.

सुलक्षणानं निकाल देऊन टाकला, बाहेरचं लागलंय. खिडकीला गोणपाट लागलं, दाराला कडुलिंब बांधला आणि त्या अंधारात सकाळ-संध्याकाळ मिरच्यांची धुरी. सूनबाई खोकून अर्धमेली झाली की सासूला वाटायचं, गुण येतोय! दोन खोल्यांच्या मध्ये नुसती फळी होती. तिच्यातून धूरही यायचा आणि पोरीला कुठंतरी न्या म्हणणारा प्रेमाचा आवाजही. "माका नको गे ता चेडू. खय तरी घेवन जावा."

हे ऐकून शकु हातातलं काम टाकून फळीजवळ जायची. कारण ती धुरी तिनंही खाल्ली होती. ती देवनारला एकत्र कुटुंबात असताना पहिलटकरीण झाली आणि अशीच भिंतीकडे तोंड करून बसली. सासूनं धुरी दिली, ओल्या फोकांनी झोडलं. शेवटी थोरली जाऊ द्रौपदी, जिला मूल नव्हतं, तिनं पोर उचलली. काही महिन्यांनी शकु माणसांत आली तेव्हा पोर जावेच्या कडेवर होती आणि घरातले सगळे म्हणाले, आता तिचीच असू दे, तुझा काय भरवसा? शकु गप्प बसली. पुढं तिची कूस उजवली नाही. शुभा आता लग्नाच्या वयाची झाली होती, द्रौपदीला आई म्हणायची आणि शकुला काकू. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. शकु त्या एका वेळेला गप्प बसली, आणि त्यानंतर जन्मात कधी गप्प बसली नाही.

एका दुपारी ती कामावरून आली तर सुलक्षणा तिच्या दारात उभी. उंबऱ्याच्या बाहेर, पदर सावरून, अंग चोरून. मागं समोरच्या खोलीतली सुगंधा.

"शकु, तुझ्याकडे काम होता," सुलक्षणा म्हणाली. "भगतान सांगल्यान, चेडवाक सुपात घालून इकूक व्हया. मूठभर कोंड्याक. म्हणजे आवशीचा वायट तिच्यार जावचा नाय."

रीत शकुला ठाऊक होती, जालन्याकडेही ती पाळत. आजारी, अपेशी पोर दुसऱ्या बाईनं मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायची, म्हणजे वाईट नजरेला ती परक्याची वाटते. पोर राहायची आपल्याच घरी, पण नावाला दुसरीची, आणि घेणारीचा शब्द मोडायचा नाही; कोंडा परत केला की पोर पुन्हा आईची.

"चाळीत एवढ्या बाया आहेत. मीच का?" शकुनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण म्हातारीच्या तोंडून तिला ते ऐकायचं होतं.

सुलक्षणानं मागं वळून बघितलं. सुगंधाच म्हणाली, "हलक्या जातीच्या बाईनं घ्यायची असते गं."

"आणि सुनेचं काय करणार?"

"तिका गावाक धाडतलय. भगताकडे. चेडू ऱ्हवात हय."

भाऊराव आतून ओरडला, "शके, दार लाव! बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण, असली थेरं आपल्या दारात नकोत." त्याचं बरोबरच होतं. शकुचंही डोकं भणभणलं होतं. नळाची तोटी धुणाऱ्या बायका आपल्या पोरीवरची पीडा उतरवायला तिला शोधत आल्या होत्या! पण ती उठली, डब्यातला कोंडा मुठीत घेतला आणि चपला न घालता शेजारच्या खोलीत शिरली. सुपात पोर ठेवलेली होती. शकुनं कोंडा सुलक्षणाच्या ओच्यात टाकला आणि पोर उचलली.

"झाली माझी. आता माझा शब्द ऐका. ही पोर आईजवळ राहणार. आई गावाला जाणार नाही. धुरी बंद. ते गोणपाट काढा, नाहीतर मी फाडते."

"असा कसा? रीतीत असा नाय!"

"मग मोड ना रीत. पोरीला काय झालं तर बस बोंबलत."

म्हातारी स्वतःच्याच रीतीत अडकली. तिनं शकुला शेलक्या शिव्या दिल्या, शकुनं त्या व्याजासकट परत केल्या आणि गोणपाट निघालं.

दुसऱ्या दिवशी शकुनं खाडा केला आणि प्रेमाला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी शकुलाच झापलं. "इतके दिवस काय करत होतात? हा आजार आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो. गोळ्या देते, पण तिला झोप मिळाली पाहिजे आणि एकटं सोडायचं नाही."

एकटं सोडायचं नाही म्हणजे चाळीतल्या बायका पाहिजेत, आणि चाळीत शकुचं कुणाशी धड नव्हतं. ती नळावर गेली. "माझ्या पोरीच्या आईजवळ कोण बसणार? का नुसते लाडू गिळायला येता?" बायका खवळल्या. कोण म्हणे ही आम्हाला विचारणारी? पाऊण तास रणकंदन झालं. शेवटी सुगंधानं कळशी खाली ठेवली.

"मी बसते," ती म्हणाली. "नंदूच्या वेळी मलाही असंच झालं होतं. स्टोव्ह पेटवायची भीती वाटायची, अंगावर ओतून घेईन म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही."

मग आणखी एकीनं सांगितलं, मग तिसरीनं. शकु म्हणाली, "मग तोंडं शिवली होती का तुमची इतकी वर्षं?" गोड बोलणं तिला जमायचंच नाही.

पण पाळ्या लागल्या. कुणी निवडायचं धान्य घेऊन प्रेमाजवळ बसायची, कुणी पोर घेऊन तिला झोपवायची, कुणी पेज भरवायची. शकु कामावरून येताच फळीवर थाप मारून ओरडायची, "काय करते माझी कोंडाबाई?" प्रेमा उत्तर द्यायची नाही. महिने गेले. गोळ्यांनी झोप लागू लागली, मग भूक. एकदा पोरीनं तिचं बोट धरलं तेव्हा तिनं ते सोडवून घेतलं नाही. कधी प्रेमा दोन पावलं मागेही जायची. सुलक्षणा मात्र शकुच्या नावानं बोटं मोडायची थांबली नाही.

पोरीच्या उष्टावणाच्या दिवशी शकुच्या दारावर लाथ बसली. दारात प्रेमा. कडेवर पोर, दुसरी मूठ आवळलेली, डोळे लाल.

"हा घे तुझा कोंडा. पोर माझी आहे. पुन्हा माझी म्हणालीस तर जीभ हासडीन तुझी. आणि कोंडाबाई नाही म्हणायचं, वैजयंती नाव आहे तिचं!"

आजवर ती शकुला अहोजाहो करायची.

"जा जा, मोठी आली आई!" शकु ओरडली. "उष्टावणाला बोलावलंस तरी येणार नाही मी!"

प्रेमानं बोलावलं नाहीच. शकुनं दार लावलं आणि पदरात तोंड घालून ती हमसून रडली. पोरीवर तिचा जीव जडला होता, आणि जे घडावं म्हणून ती भांडली होती ते नेमकं घडलं होतं.

तो कोंडा तिनं टाकला नाही. पुडीत बांधला आणि रविवारी ती देवनारला गेली. दार शुभानं उघडलं. "काकू, या ना." आत द्रौपदी तांदूळ निवडत होती. शकुनं पुडी सोडून तिच्या पुढ्यात ठेवली. द्रौपदी शकुच्याच मुलखातली, तिला कोंड्याचा अर्थ सांगावा लागला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, मग काळा.

"आता? एवढ्या वर्षांनी? लाज नाही वाटत? उचल ते."

शकुनं उचललं नाही. ती उंबऱ्यावर जाऊन बसली, आत पाठ करून.

मागून शुभाचा आवाज आला, "आई, काकूंनी हे काय आणलंय?"

द्रौपदीनं पुडीवर हात ठेवला. तिनंच सांगावं म्हणून शकु जागची हलली नाही.