मुद्दाम वाजवलेला हॉर्न

जीप सुरू करण्याआधी काका डोळे मिटायचे. ओठ हलायचे, मग 'आमेन' ऐकू यायचं आणि किल्ली फिरायची. शेजारी नवा माणूस असला की दचकायचा. "घाबरू नका," ते म्हणायचे, "चालवताना उघडेच असतात."

मी मेहकरकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागले, तेव्हा ते तिथे ड्रायव्हर होते. आमच्यात एकटेच ख्रिस्ती. मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना काका. खोटं बोलायच्या कामी मात्र अगदी निरुपयोगी. कोणी सुट्टीसाठी मेलेल्या आजीला पुन्हा मारलं आणि काकांना साक्षीला घेतलं, की ते म्हणायचे, "मले नका विचारू, साहेब." तेवढ्यानेच सगळं उघडं पडायचं.

मग आणीबाणी आली. नसबंदीच्या केसेस आणा, असा वरून हुकूम. आमचे साहेब मुळात वाईट नव्हते, पण घाबरलेले होते, आणि घाबरलेला साहेब फार अवघड. बीबी गावच्या बाजारातून माणसं उचलून आमच्या जीपमध्ये कोंबली. त्यात एका पोराचं लग्न तोंडावर आलेलं.

"साहेब, याचं लगन व्हायचं हाये अजून," काका म्हणाले.

"तू गाडी चालव."

काकांनी चालवली. त्या पोराचं ऑपरेशन झालं. नंतर कितीतरी दिवस काका दुपारचा डबा न उघडताच परत नेत.

त्यानंतर हॉर्न सुरू झाला. गाव नजरेत आलं की काका हॉर्नवर हात ठेवत, तो वेशीपर्यंत काढत नसत. आम्ही पोचेपर्यंत पुरुष मंडळी ज्वारीत पसार. गावात उरायच्या म्हाताऱ्या आणि शेळ्या. एका म्हातारीने तर आम्हाला चहा पाजला, आणि काकांच्या कपात साखर जास्त टाकली.

अखेर एका वेशीवर साहेबांनी विचारलंच, "हा हॉर्न तू मुद्दाम वाजवतोस?"

मी मागून पुटपुटले, "काका, वायर अडकली म्हणा."

"हाव साहेब," काका म्हणाले. "मुद्दाम वाजवतो."

"नोकरी जाईल. तुरुंगात जाशील."

"मालूम हाये. त्या पोराले मीच नेलं होतं. आता नाही होत. प्रभूले काय तोंड दाखवू?"

"तुझा प्रभू येणार आहे का सोडवायला?"

"ते मले नाही मालूम." काकांनी गाडी वळवली. "चला, आधी तुम्हाले सोडून देतो. इथून एसटी नाही भेटत."

दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना घेऊन गेले.

तुरुंगात भेटायला काकूंबरोबर मी गेले होते. चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थही सोबत होते. ते म्हणाले, "राज्य करणाऱ्यांच्या अधीन राहावं, असं शास्त्रात लिहिलंय."

"लिहेल हाये," काका म्हणाले. "गाडी कोणत्या बाजूनं चालवावी, हे सरकारनं सांगावं. कोणाच्या अंगावर घालावी, हे नाही."

हे बोलताना त्यांनी दोनदा मागे वळून पहाऱ्यावरच्या शिपायाकडे पाहिलं. काका कोणाला भीत नव्हते, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर खरं मानू नका.

आणीबाणी उठली, काका कामावर परत आले. पुढे साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांना नांदुऱ्याला रेल्वेगाडीवर पोचवायला कोणी तयार होईना. काका गेले. साहेबांची ट्रंक स्वतः डब्यात चढवून आले.

मला राग आला. "काऊन उचलली हो, काका?"

"लय जड होती," काका म्हणाले.

यंदाच्या थंडीत ते गेले. गावाबाहेरच्या दफनभूमीत माणसं थोडीच होती. पन्नाशीकडे झुकलेला एक शेतकरी लांब, बाभळीखाली उभा होता. कोणाच्या ओळखीचा दिसेना, म्हणून मी जवळ जाऊन विचारलं.

"तिकडच्या खेड्यातला हावो," तो म्हणाला. "हॉर्न आयकून माहा बाप जवारीत पयाला होता. माहा जल्म त्याच्या नंतरचा."

मी त्याला कबरीकडे घेऊन निघाले.

"इथं काय करतात, बाई? फुलं वाहाची का?"

"माती देतात," मी म्हणाले.

त्याने चपला काढल्या, पुढे गेला आणि दोन्ही हातांनी माती उचलली.