मिसळणाच्या डब्यातली लिपी

दाजी गेल्याचं अक्कानं फोनवर सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "लवकर ये. माणसं जमतील, तो मिसळणाचा डबा कुणी हलवायला नको." रडता रडता मला हसू आलं. त्या डब्यावरून या नवरा-बायकोचं जितकं वाजलं, तितकं दुसऱ्या कशावरूनही वाजलं नसेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ओझरच्या विमान कारखान्यात, ड्रॉइंग सेक्शनला त्यांचा जन्म गेला. रेघ केसभर चुकली तरी त्यांना जेवण जात नसे. निवृत्तीनंतर हा माणूस घरात काय काय मोजत बसेल, ही अक्काची काळजी एका म्हातारीनं मिटवली. सहकाऱ्याची आई, पारूबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुरगाण्याच्या डोंगरातून नाशकात आली होती. दाजी भेटायला गेले, तर तिनं उशाखालून फडक्यात गुंडाळलेली, दोऱ्यानं शिवलेली जुनी पानं काढली. तिच्या वडिलांनी लिहिलेली. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यातलं एकही अक्षर देवनागरी नव्हतं, मोडी नव्हतं, कुठल्याच पुस्तकातलं नव्हतं. गाव म्हणायचं, येड्याच्या रेघोट्या. "तुमी नकाशे वाचता ना भाऊ? मंग सांगा, काय लिव्हेल हाय माझ्या बापानं? डोळे मिटायच्या आत कळू द्या," पारूबाई म्हणाली. दाजींनी शब्द देऊन टाकला. शब्द देताना त्यांनी कधी मागचापुढचा विचार केला नाही.

मग सुरू झाला संसारातला नवा संसार. पानांची झेरॉक्स काढायची, एकेक चिन्ह कात्रीनं कापायचं आणि सारखी सारखी एकत्र ठेवायची. ठेवायला काही मिळेना, म्हणून दाजींनी थेट अक्काचा मिसळणाचा डबा पळवला. मोहरीच्या वाटीत आकड्यासारखी चिन्हं, हळदीच्या वाटीत गोल गोल. अक्का पुड्या सोडसोडून फोडण्या करायची आणि प्रत्येक फोडणीला भांडायची. डब्याचा हिंगाचा वास काही गेला नाही. "दाजी, लिपी लागो न लागो, चव तरी लागली!" असं मी चिडवायची. लिपी लागली का, विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "अजून नाही." नुसतं 'नाही' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

एकदा मात्र सकाळी सकाळी फोन आला, "ये, नियम सापडला!" बऱ्याच चिन्हांवर एक टिंब होतं, आणि ते पुढच्या पानांवरही नेमकं त्याच जागी येत होतं. इतकं शिस्तीत लिहिणारा माणूस वेडा कसा असेल, असं दाजींचं म्हणणं. मलाही पटलं. चांगलं वर्षभर ते त्या टिंबांच्या मागे होते. मग अक्कानं मूळ पानं ऊन दाखवायला गच्चीवर नेली, एक पान उचललं आणि हाक मारली, "अहो, तुमच्या टिंबांतून ऊन येतंय!" कसरीनं गठ्ठ्यातून आरपार पाडलेली भोकं... झेरॉक्समध्ये ती काळी उमटली होती. दाजींनी पान उन्हासमोर धरून पाहिलं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "किड्याचं हस्ताक्षर वाचत बसलो गं मी!" त्या उन्हानं आणखी एक केलं. एकमेकांना चिकटलेली शेवटची दोन पानं सुटली.

इकडे पारूबाई थकत चालली होती. तिचे निरोप यायचे आणि दाजी ताटावरून उठून डबा घेऊन बसायचे. अक्का म्हणाली, "सांगून टाका ना, सुखी राहा पोरी, असं लिहिलंय म्हणून. कुणाचं काय जातंय?" दाजी म्हणाले, "दर पौर्णिमेला विहारात चौथं शील घेतो ना आपण, खोटं बोलणार नाही म्हणून? आणि तिचा बाप जे बोललाच नाही, ते त्याच्या तोंडी मी कोण घालणार?"

शेवटी पानं परत द्यायला आम्ही तिघं सुरगाण्याकडे गेलो. पारूबाई अंथरुणाला खिळलेली. दाजींनी हात जोडले. "मावशी, मला एक अक्षरही लागलं नाही. पण ह्या रेघोट्या नाहीत, एवढं छातीठोक सांगतो. हे बघा..." सुटलेल्या पानावर एकच चिन्ह पुन्हा पुन्हा काढलेलं होतं. वरचं सराईत हाताचं, खालची सगळी वेडीवाकडी, लहान मुलाची. "ते कुणाला तरी शिकवत होते." पारूबाईनं पान डोळ्यांजवळ नेलं. कितीतरी वेळ पाहिलं... मग तिचं बोट गोधडीवर फिरलं. खालून वर, एक वळसा, पुन्हा खाली. तेच चिन्ह. "माझाच हात हाय ह्यो," ती म्हणाली. "बाप मागं बसून बोट धरायचा." त्याचा अर्थ काय, हे तिलाही आठवेना. ती रडत होती आणि दाजींचा हात सोडत नव्हती.

पुढं ती गेली. दाजी मात्र तिच्या पानांच्या झेरॉक्स घेऊन बसतच राहिले, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. मला त्यांची फार आठवण येते. परवा अक्काकडे गेले, तर ती ओट्याशी मोहरीची पुडी सोडत होती. मी म्हटलं, "अक्का, डबा रिकामा करून देऊ का आता?" तिनं झाकण उघडलं. हिंगाचा वास आला. वाट्यांतल्या कागदाच्या चिठोऱ्यांकडे तिनं नीट पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"अजून नाही," ती म्हणाली.